डाव्या गालावरचा रंग

मित्रांनो, घरी येणारा प्रत्येक जण माझ्यासमोर उभा राहून म्हणायचा, "काय रुबाबदार फोटो आहे!" आणि मला वाटायचं, कुणीतरी मला भिंतीकडे तोंड करून टांगलं तर बरं होईल. मी अग्निशमन दलातल्या एका जवानाचा जुना फोटो आहे. काळा-पांढरा, लाकडी चौकटीतला, आता कडेने पिवळट पडलेला. म्हातारपणाची मला लाज नाही. लाज होती ती माझ्या डाव्या गालाची.

माझा जन्म बाजारातल्या एका स्टुडिओत झाला. मागे रंगवलेला पडदा होता, त्यावर बाग आणि संगमरवरी जिना. आगीत शिरणाऱ्या माणसाला अशा बागेत उभं करायचं म्हणजे जरा गंमतच होती, पण बढती मिळाली की पूर्ण गणवेशात असा एक फोटो काढून घ्यायचा, अशी त्या दलात पद्धत होती. जवान आला तो बटणं लख्ख घासून, बुटांना पॉलिश करून, शिरस्त्राण काखेत धरून. फोटोग्राफरने त्याची हनुवटी सरळ केली, खांदे सैल करायला लावले आणि मग तो त्याच्या डाव्या गालाकडे पाहतच राहिला. तिथे भाजल्याचे तीन आडवे वळ होते.

न राहवून त्याने विचारलं. जवानाने अवघडत सांगितलं ते मी कॅमेऱ्याच्या पोटात बसून ऐकलं. एका गोदामाला आग लागली होती. शटर बंद, सगळीकडे धूर, माणसांचा नुसता गलका. आत कुणी अडकलंय की नाही ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून त्याने शिरस्त्राण काढलं आणि शटरला कान लावला. शटर तापलेलं होतं. आतून खोकल्याचा आवाज येईपर्यंत त्याने कान हलवला नाही. मग शटर तोडलं आणि दोन हमाल जिवंत बाहेर आले. शटरच्या पट्ट्या मात्र त्याच्या गालावर राहिल्या त्या राहिल्याच.

फोटोग्राफर मनाचा चांगला होता. बिचाऱ्याचं रूप गेलं, निदान फोटोत तरी परत मिळू दे, असं त्याने बायकोला सांगितलं. फोटोंवरचं बारीक काम तीच करायची. तिने करडा रंग कालवला आणि अगदी बारीक ब्रशने एकेक वळ झाकला. थोड्या वेळात माझा गाल नवऱ्या मुलासारखा गुळगुळीत झाला. फोटो न्यायला आलेल्या जवानाला तिने बजावलं, की रंग वरवरचा आहे, पाणी लागू देऊ नका. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग "छान आलाय," एवढंच म्हणाला. म्हणताना त्याचा हात स्वतःच्या गालावर गेला होता. तेव्हा मला पहिल्यांदा शरमल्यासारखं झालं.

घरी मला दारासमोरच्या भिंतीवर जागा मिळाली. सुट्टीच्या दिवशी तो मला कोरड्या फडक्याने पुसायचा आणि लेकीला सांगायचा, ओलं फडकं लावलंस तर बाबाचा गाल निघून येईल हं. ती खिदळायची. पाहुणे आधी माझ्याकडे बघायचे, मग त्याच्याकडे आणि मग घाईघाईने चहाच्या कपाकडे. आधी किती देखणे होतात, असं कुणी म्हटलं तर तो हसून घ्यायचा. फोटो काढला तेव्हाही वळ होतेच, हे त्याने कधी सांगितलं नाही. लेकीने विचारलं तर "कामावर पोळलं," की विषय संपला. तिची आई सांगायला गेली तर डोळ्यांनीच तिला गप्प करायचा. पुढेपुढे तो घरातही डावी बाजू भिंतीकडे करून बसू लागला. सगळं खरं मला ठाऊक होतं आणि मीच तिथे खोटा गाल घेऊन मिरवत होतो.

लेक चौथीत असताना बाईंनी सांगितलं, की वडिलांना किंवा आईला घेऊन या, ते आपल्या कामाबद्दल बोलतील. त्याआधी एकदा शाळेच्या फाटकात त्याला पाहून दोन मुलींनी तोंडं वाकडी केली होती, ते लेकीने पाहिलं होतं. शाळेत जायच्या आदल्या रात्री ती जेवताना भात नुसता चिवडत होती. शेवटी ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही आलात तरी चालेल. मी फोटो नेते."

तिच्या आईचा वाढता हात थांबला. तो म्हणाला, बरं झालं, मला नेमकी ड्यूटी आहे. ड्यूटी कसली! शाळेसाठी इस्त्री केलेला गणवेश समोर खुंटीवर लटकत होता. त्यानेच मला भिंतीवरून काढलं, काच फुटू नये म्हणून स्वतःच्या टॉवेलात गुंडाळलं आणि वरून दोरी बांधून दिली.

शाळेत मी हातोहात फिरलो. काचेवर शाईच्या बोटांचे ठसे उमटले. तुझे बाबा किती छान दिसतात, असं जो तो म्हणत होता. इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं आणि धरणीने पोटात घ्यावं असंही कधी वाटलं नव्हतं.

वर्षं गेली. लेक नोकरीला लागली, आई देवाघरी गेली, जवान निवृत्त झाला. अग्निशमन केंद्राच्या दालनात निवृत्तांचे फोटो लावायचं ठरलं, म्हणून बंब चालवणारे त्याचे एक जुने सोबती मला न्यायला आले. चष्मा लावून त्यांनी मला निरखलं आणि विचारलं, हा कोण? बापलेक हसले. सोबती मात्र हसले नाहीत.

"अगं, त्या गालाने याने आतला खोकला ऐकला होता," ते लेकीला म्हणाले. "तो गाल कुठे गेला?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. जवान मधेच उठून चहा करायला आत गेला. लेक ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. त्यांचं सांगून झालं तेव्हा तिने मला चौकटीतून बाहेर काढलं आणि कापूस पाण्यात बुडवला. आतून आवाज आला, पाणी लावू नकोस गं. तिने ऐकलं नाही. कापूस करडा होत गेला आणि कानापासून एकेक वळ वर येत गेला. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या कॉलरवर पडलं, तिथला डाग अजून आहे.

तो कप घेऊन बाहेर आला. मान वर न करता ती म्हणाली, "शाळेत मी तुम्हाला नेलंच नव्हतं, बाबा."

त्याने कप खाली ठेवले. स्टुडिओत पाहिलं होतं तसंच बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"आता ने," तो म्हणाला.

आता मी केंद्राच्या दालनात असतो. ओठाजवळ थोडा करडा रंग राहून गेलाय. तिथे कुणी बोट ठेवलं की मी अजूनही ओशाळतो. मित्रांनो, घरातले जुने फोटो कोरड्या फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका. आणि कुणाच्या चेहऱ्यावर वळ दिसला तर कपाकडे बघू नका. जवळ बसा, त्याला सांगावंसं वाटलं तर ऐका.

कधीकधी तो लेकीबरोबर इथे येतो. परवा शाळेची मुलं बंब बघायला आली होती. एक चिमुरडी माझ्याकडे बघत राहिली, मग वळून त्याच्याकडे. तो भिंतीकडे सरकला नाही.

"हे तुम्हीच," ती म्हणाली.