मालकिणीची साक्ष

नवरा गेल्यावर लहरीबाईनं लॉरी विकली नाही, याचाच तिच्या दिराला, धर्मचंदला राग होता. म्हसावदच्या पेठेत दुकान त्याचं, पण लॉरी तिच्या नावावर. सत्तार ड्रायव्हरच्या शेजारी केबिनमध्ये बसून ती स्वतः नंदुरबारच्या जिनिंगला कापूस पोचवायची. पेठेत लोक बोलायचे. बोलू देत, म्हणायची.

सेहेचाळीस साली नवा नियम लागू झाला. विमा नसेल तर लॉरी सडकेवर आणायची नाही. एजंटानं दोन तऱ्हा सांगितल्या. एकीत लॉरीमुळे सडकेवरच्या माणसाला इजा झाली तर कंपनी भरपाई देणार. दुसरीत आपल्या लॉरीची मोडतोड, आग, चोरीही धरलेली. लहरीबाईला दुसरी हवी होती. धर्मचंदनं परस्पर पहिली ठरवून टाकली. "कायद्यापुरतं झालं की," म्हणाला.

त्याच हिवाळ्यात प्रकाशा गावाच्या अलीकडे पुढचं टायर फुटलं. लॉरी एकदम बाजूला ओढली गेली, कडेनं पायी चाललेल्या धुडकू नावाच्या माणसाचा पाय चिरडत बाभळीवर आदळली. सत्तारनं आणि तिनं त्याला बैलगाडीत घालून शहाद्याच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पाय गेला.

धुडकूनं धुळ्याच्या कोर्टात दावा लावला, तसा विमा कंपनीचा माणूस पेढीवर आला. लहरीबाई दाराआड उभी होती. तो धर्मचंदशीच बोलत होता.

"शेठजी, तो माणूस कापसाच्या गाठोड्यांवर बसला होता, एवढंच बाईंनी सांगायचं. वर बसलेल्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही. मग तुमच्या लॉरीच्या दुरुस्तीचं मी बघतो."

"सांगेल ती," धर्मचंद म्हणाला.

लहरीबाई बाहेर आली. "तो पायी चालला होता. मी पाहिलंय."

"वहिनी, लॉरी मोडून पडलीय. कुणासाठी एवढं?"

"लॉरी माझी मोडलीय. तुम्ही कशाला घाबरता?"

दुसऱ्या दिवशी धुडकूची बायको धनुबाई आली. ओसरीवर न बसता उभ्यानंच म्हणाली, "शेठाणी, तुम्ही देखेल शे. जे देखं तेच सांगा."

"तेच सांगसू," लहरीबाई म्हणाली.

धर्मचंदनं बजावलं, कोर्टाची पायरी चढलीस तर दुकानाचा माल तुझ्या लॉरीत पुन्हा चढणार नाही. ती चढली. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर तिनं घुंगट मागं सारला.

कंपनीच्या वकिलानं हसत विचारलं, "विधवा बाई परक्या ड्रायव्हरच्या शेजारी केबिनमध्ये कशाला बसली होती?"

ती म्हणाली, "लॉरी माझी आहे. मालकिणीनं कुठं बसायचं, ते कंपनी ठरवणार का?" मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाली, "गाठोड्यांवर कुणी नव्हतं. तो सडकेच्या कडेनं चालला होता. याहून वेगळं मी बोलणार नाही."

निकाल धुडकूच्या बाजूनं लागला. कंपनीला भरपाई द्यावी लागली. धर्मचंदनं शब्द खरा केला; दुकानाचा माल तिच्या लॉरीला मिळेनासा झाला. लॉरी सहा महिने अंगणात पडून होती. सत्तारनं भंगारातले भाग जोडत ती उभी केली, आणि लहरीबाईनं कळसाडीच्या शेतकऱ्यांचा कापूस वाहायचं काम धरलं.

पहिल्या खेपेआधी दुसऱ्या कंपनीचा एजंट आला. सवयीनं तो सत्तारला समजावू लागला.

"इकडे बोला," लहरीबाई म्हणाली. "पूर्ण विमा पाहिजे. आग, चोरी, मोडतोड, सगळं. आणि जे लिहाल, ते आधी मला वाचून दाखवा."