काटकोन सुटलेला गुण्या

मित्रांनो, मी एक जुना सागवानी गुण्या आहे. दोन लाकडी हात आणि मधे काटकोन, एवढाच माझा संसार. भिंतीचा कोपरा सरळ आहे की नाही, हे गवंडी मला लावून बघतो.

हसनाबादच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं मला घडवलं आणि जाताना आपल्या शागिर्दाला, बिभीषणला दिलं. बिभीषणच्या वडिलांनी जन्मभर मेंढ्या राखल्या. बिभीषणनं मात्र माझ्या जोरावर गावोगाव घरं उभी केली. दर खंडेनवमीला तो मला हळदीकुंकू वाहायचा. मीही खूप मिरवलो. पण एवढ्या वर्षांत मला कुणी मोजलं मात्र नाही. उन्हापावसानं माझा सांधा ढिला झाला, हात फाकले. मला ते कळत होतं, पण सांगायला तोंड कुठे होतं!

मग दोन घरांच्या फरश्या कोपऱ्यात जुळल्या नाहीत आणि बिभीषणला कामं मिळेनाशी झाली. शेवटी कापडदुकानवाल्या भंवरीबाईंनी मागची खोली बांधायला दिली, पण बजावूनच. "मिस्त्री, ह्या बारीला चुकलं तर मंग दुसरा बघीन."

बिभीषणनं मला धरून पायाची आखणी केली. दुपारी त्याची दहावीतली लेक रेणुका डबा घेऊन आली. पोरगी गणितात हुशार, पण पायऱ्या गाळून एकदम उत्तर लिहायची आणि गुण घालवायची. चुन्याच्या रेघा बघून ती म्हणाली, "अप्पा, कोपरा चुकला."

"उस्तादाचा गुण्या हाय तो! नुसतं चुकला म्हणू नको. एकेक करून दाखव."

रेणुका खाली बसली. कोपऱ्यापासून एका रेघेवर तीन फुटांवर खिळा ठोकला, दुसरीवर चार फुटांवर.

"तिनाचा वर्ग नऊ. चाराचा सोळा. बेरीज पंचवीस, अन् पंचवीसचं वर्गमूळ पाच. कोपरा काटकोनात असला तर ह्या दोन खिळ्यांत बराबर पाच फूट पाहिजे."

टेप लावला. पाच फूट एक इंच भरलं.

बिभीषणनं तीनदा मोजलं. मग मला त्या कोपऱ्यात ठेवलं; माझे दोन्ही हात चुकलेल्या रेघांवर तंतोतंत बसले. "म्हंजी मह्या हातात खोट न्हाई," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. बिचारा वर्षभर स्वतःलाच बोल लावत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी सुतारानं पाचर ठोकून माझा सांधा आवळला. आखणी पुन्हा झाली. खोलीची फरशी कोपऱ्यापर्यंत अशी जुळली, की भंवरीबाईंनी वरचा मजलाही बिभीषणलाच सांगितला. रेणुका आता प्रत्येक पायरी लिहिते. अप्पाला पटेल अशी.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना मान द्या, पण त्यांचे सांधेही बघत जा. यंदा खंडेनवमीला बिभीषण कुंकवाचं बोट घेऊन थांबला. रेणुकेनं माझ्या एका हातावर तीस सेंटीमीटरची खूण केली, दुसऱ्यावर चाळीसची, आणि दोन्ही खुणांमध्ये टेप धरला. पन्नास.

"बराबर हाय, अप्पा. आता लावा."

इतकी खरी पूजा माझी कधीच झाली नव्हती.