तीन नंबरची क्रेन

मंगळवारी समुद्रावर जायचं नाही, हा टेमा बंदराच्या कोळ्यांचा नेम. त्यामुळे बुधवारी एकूण एक होडी बाहेर. त्यात वाळवंटाकडून येणाऱ्या हरमटान वाऱ्याची धूळ अशी दाटली होती की किनाराच गायब. दिसत होतं ते फक्त चर्चचं टोक आणि बंदरातल्या क्रेनांची डोकी.

तीन नंबरच्या क्रेनच्या केबिनमध्ये आयोरकोर बसली होती, बोर्केटे तांडेलाची थोरली लेक. काल मक्याचं केंके आणि तळलेली मासळी खाताना बापाने फुशारकी मारली होती. कंटेनरच्या ढिगांनी आमचं परतीच्या खुणेचं सावरीचं झाड झाकलं तर झाकू दे, मी नवी खूण शोधलीय. तुझी क्रेन नेमकी चर्चच्या टोकाखाली धरून आलं की बुडालेले खडक उजव्या हाताला राहतात. सगळ्या किनाऱ्याला त्याने तेच शिकवलं होतं. बाबा, तिला चाकं आहेत, ती रुळांवरून चालते, असं तिने सांगून पाहिलं. म्हातारा हसला. एवढा लोखंडाचा डोंगर जातो कुठे मरायला, म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं? त्या धक्क्याला लहान जहाजं लागायची, क्रेन महिनोन्महिने जागची हललीच नव्हती.

आज मोठं जहाज आलं. धक्क्यावरच्या टागो साहेबांनी रेडिओवरून हुकूम सोडला, तीन नंबर पूर्वेला घ्या. तिने घेतली. कालचं बोलणं तिच्या डोक्यातच आलं नाही, मेलं नशीबच फुटकं.

क्रेन पन्नास पावलं सरकली असेल-नसेल, तोच धुळीतून एक होडी दिसली. निळी-पिवळी, बापाचीच. क्रेन सरकेल तशी होडीही तोंड वळवत होती. पूर्वेला, खडकांकडे.

खडकांवर फुटणारा फेस आयोरकोरला उंचावरून दिसत होता, बापाला खालून दिसणं शक्यच नव्हतं. फोन भिजतो म्हणून तो घरीच ठेवून जायचा. तिने क्रेन थांबवली आणि उलटी पश्चिमेला घेतली.

"तीन नंबर, डोकं फिरलं का तुझं? जहाज आत येतंय."

"समोर माझा बाप आहे, साहेब."

होडी अडखळली. मग हळूच वळली. आयोरकोर क्रेन जुन्या जागेच्याही पुढे घेऊन गेली. ये रे बाबा, ये, माझ्यामागे ये, असं ती पुटपुटत होती आणि घामाने हात दांड्यांवरून निसटत होते. जहाज मध्येच रोखावं लागलं, टगबोटी भोंगे वाजवत होत्या, साहेबांच्या तोंडाला खळ नव्हता. तिला ते ऐकूच येत नव्हतं.

फेस होडीच्या उजवीकडे आला, मग मागे पडला. होडी बंदराच्या भिंतीआड शिरली तेव्हा आयोरकोरला रडू फुटलं. रडतच तिने क्रेन जुन्या जागी आणून उभी केली.

तेवढ्यात साहेब धापा टाकत वर आले. त्यांनी हात पुढे केला. चावी दे आणि उतर, उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले.

"उतरते," ती म्हणाली. "पण बाकीच्या होड्या अजून बाहेर आहेत. त्याही हीच क्रेन धरून येतात."

साहेबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. दोघंही काचेतून धुळीकडे बघत राहिले.