भुंडे हात

दर्शनाच्या हातून त्या सकाळी चहाचं पातेलं निसटलं, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. हिचं लक्षच नसतं, एवढंच सासूबाई सुभद्रा म्हणाल्या. नवऱ्याने, दौलतने, पाय वर घेतले. दर्शना खाली बसून फरशी पुसू लागली, पण तिला फडकंही पिळता येईना. शेवटी तिने ते मोरीच्या कठड्यावर ठेवून कोपराने दाबलं.

लालबागच्या त्या चाळीत तिला धांदरट म्हणायची सवयच पडली होती. परळच्या पोळी-भाजी केंद्रात दिवसभर लाटणं फिरवणारी आणि घरी येऊन सगळ्यांचं धुणं पिळणारी बाई धांदरट कशी, हे कुणी विचारलं नाही. तिच्या दोन्ही हातांना मुंग्या यायच्या. झोपेत बोटं बधिर व्हायची आणि ती उठून हात झटकत बसायची.

दोन वर्षांपूर्वी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं नीट समजावलं होतं. मनगटातल्या अरुंद जागेत बोटांकडे जाणारी नस दबली होती, आणि तीही दोन्हीकडे. आधी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायचा आणि हातांना विश्रांती द्यायची. त्याने भागलं नाही तर इंजेक्शन, आणि तरीही नाहीच तर लहानशी शस्त्रक्रिया करून नस मोकळी करायची. उशीर मात्र करायचा नाही, कारण मेलेली नस पुन्हा उठेलच असं नाही.

पट्टे घरी आले आणि तिथेच गाडं अडलं. ते बांधायचे तर हातभर हिरव्या बांगड्या उतरवायला हव्या होत्या. दौलत त्याच वर्षी हृदयाच्या झटक्यातून वाचला होता. नवरा मरणाच्या दारातून परत आलेला आणि सून रोज भुंड्या हातांनी झोपणार, हे सुभद्राबाईंना कसं चालावं? त्यांनी पट्टे माळ्यावर टाकले.

त्यांना दुष्ट म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण त्यांचा स्वतःचा नवरा गेला त्या दिवशी शेजारणींनी त्यांचे हात धरून बांगड्या फोडल्या होत्या. मोकळं मनगट म्हणजे मरण, हे त्यांच्या मनात तेव्हाच रुतून बसलं. मला राग येतो तो दौलतचा. शिवडीच्या गोदामात कारकून असलेला, छातीत स्टेंट बसवून घेतलेला, गोळ्या वेळच्या वेळी घेणारा हा शहाणा माणूस. तोही कामाला निघताना बायकोच्या मनगटांकडे एक नजर टाकूनच उंबरा ओलांडायचा.

बांगड्या घटकाभर कोपराकडे सरकवून दर्शनाने इंजेक्शनं घेतली. थोडे महिने बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून केंद्रावर पोळ्यांचं काम वाढलं आणि दुखणं दामदुपटीने परत आलं. डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया सांगितली, तर घरात आज सण, उद्या व्रत, परवा कुणाचं तरी लग्न. सवाष्णीने हात मोकळे करायला घरात बरा दिवस कधी उगवलाच नाही.

मग एके दिवशी केंद्रावर तव्याशी उभी असताना तिला काहीतरी जळल्याचा वास आला. शेजारच्या शेवंतीने किंचाळून तिचा हात ओढला. दर्शनाची बोटं तव्यावर टेकली होती आणि तिला कळलंही नव्हतं. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तिचा तळवा उघडून पाहिला. अंगठ्याच्या बुडाचं मांस पार बसलं होतं. आता थांबलात तर उरलेलंही जाईल, असं सांगून त्यांनी परवाचीच तारीख दिली.

दर्शना घरी आली ती थेट दौलतसमोर उभी राहिली.

"अहो, साबण लावून एवढ्या बांगड्या उतरवून द्या. माझ्या बोटांनी धरवत नाहीत."

सुभद्राबाई उठून मध्ये आल्या. "हात गेलो तरी चलात," त्या लेकाकडे बोट दाखवत मालवणीत म्हणाल्या. "माझ्या झिलाचो जीव रवाक होयो."

दौलत खाली बघत पुटपुटला, "श्रावण जाऊ दे. मग बघू."

दर्शना क्षणभर थांबली. तो उठेल असं तिला खरंच वाटलं होतं. तो उठत नाही हे पाहिल्यावर ती मोरीकडे गेली आणि तिने दोन्ही मनगटं कठड्यावर आपटली, पुन्हा पुन्हा, एकही बांगडी न उरेपर्यंत. काचा मोरीभर पसरल्या. सुभद्राबाईंनी मयताला फोडावा तसा टाहो फोडला. ज्याच्या नावाने तो टाहो होता, तो दौलत धडधडीत जिवंत, समोर खुर्चीत बसला होता.

काचांनी मनगटं चिरली गेली होती. त्या जखमा भरेपर्यंत शस्त्रक्रिया लांबली. पुढे दोन्ही हातांच्या नसा मोकळ्या झाल्या, मुंग्या थांबल्या, झोप परत आली. उजव्या अंगठ्यातली ताकद मात्र आली नाही. दर्शनाला आता सुई धरता येत नाही, कुलूप उघडता येत नाही, पोळी लाटता येत नाही.

दौलतला काहीही झालं नाही. तो रोज कामाला जातो. जाण्याआधी बायकोच्या ब्लाउजचे हूक लावून देतो, मान खाली घालून. एकदा हूक लावून घेता घेता दर्शना शांतपणे म्हणाली, "हेच हात तेव्हा पट्टे बांधायला पुढे केले असतेत, तर आज माझे चालले असते."

वाचकहो, तुमच्या घरात एखादी बाई उठून हात झटकत असेल, तर आजच तिला विचारा, काय होतंय. आणि ती सांगेल ते ऐकून जागचे उठा.