कागदात लेकी नव्हत्या

ऐन सिद्र नावाच्या आमच्या गावात पाण्याच्या पाळीवरून नायिफने फव्वाजला गोळी घातली, तेव्हा म्हातारा अबू धीब अंगणात मेंढ्या कातरत बसला होता. नायिफ त्याच्या चुलतभावाचा नातू. रस्त्यात भेटला असता तर म्हाताऱ्याने त्याला धड ओळखलंही नसतं. पण आमच्याकडे रक्त सांडलं की खुन्याच्या पाच पिढ्यांच्या भाऊबंदातले सगळे पुरुष गावाबाहेर जातात. बदला घेणाऱ्याचा हात कुणावरही पडू नये म्हणून हा रिवाज. पोलिसांनी गाडी आणली. अर्ध्या कातरलेल्या मेंढ्या तशाच सोडून अबू धीब आणि त्याचा मुलगा धीब गाडीत चढले. थोरली मुलगी रस्मिया बिनलग्नाची. रिवाज पुरुषांपुरता असला तरी बापाला भाकरी कोण घालणार, म्हणून तीही चढली. धाकटी फिद्दा गावातच दुसऱ्या टोळीत दिलेली. ती नवऱ्याच्या घरी राहिली.

झर्का शहरात एका गॅरेजच्या मागे दोन खोल्या मिळाल्या. तिथेच वर्षं गेली. फव्वाजची आई समेटाला तयार होईना. शिष्टाई करणारे शेख तिच्या दारातून कॉफी न पिताच परत यायचे; मागणं मान्य होईपर्यंत आमच्याकडे पाहुणा पेल्याला तोंड लावत नाही.

मग एक दिवस बातमी आली: सगळ्या टोळ्यांच्या शेखांनी जिल्ह्याच्या हाकिमासमोर बसून नवा नियम केला. यापुढे फक्त खुनी, त्याचा बाप आणि त्याचे मुलगे गाव सोडतील. बाकी कुणी नाही. धीबने गल्लीत कुनाफ्याची मिठाई वाटली आणि दुसऱ्याच दिवशी हाकिमाची कचेरी गाठली.

हाकीम सभ्य माणूस. त्याने कॉफी मागवली. धीबने पेला तोंडाला न लावता समोर ठेवला.

"‘यापुढे’ असं लिहिलंय, बाबा," हाकीम म्हणाला. "आधी गेलेल्यांबद्दल कागद गप्प आहे."

"गप्प आहे ना? मग आमच्या बाजूने समजा, साहेब."

"आणि उद्या फव्वाजच्या भावांनी तुला रस्त्यात आडवा केला तर? तेव्हा काय समजू? समेट करा, मग या. कॉफी घे, गार होतेय."

धीबने कॉफी घेतली नाही.

म्हातारा त्या शरद ऋतूत गेला. शेवटचे काही दिवस त्याचं एकच चाललेलं: "मला तुमच्या आईशेजारी ठेवा." सकाळी आंघोळ घालून कफन बांधलं आणि मयत भाड्याच्या गाडीत ठेवली. तेवढ्यात फिद्दाचा फोन आला.

"ताई, कुणाला काही विचारू नकोस. गाडीत बस आणि सरळ निघून ये. बाईमाणसाला कोण अडवतंय? मी इतकी वर्षं राहतेच आहे ना!"

"चौकीवर अडवतील," शेजारी उभा धीब म्हणाला. "बापाला उन्हात रस्त्यावर ठेवू का? कागद लागेल."

गाडी कचेरीसमोर उभी करून धीब आणि रस्मिया आत गेली. हाकिमाने उठून सांत्वन केलं, मग फाईल उघडली.

"रिवाज राहणाऱ्यांसाठी आहे. मेलेला माणूस राहायला येत नाही. तेव्हा मयत जाऊ शकते. तुला मात्र जाता येणार नाही, धीब."

"बापाला खड्ड्यात मी उतरवायचं नाही?"

"तू जिवंत आहेस."

धीब भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रस्मियाने विचारलं, "आणि मी?"

हाकिमाने पानं पुन्हा चाळली. "लेकींबद्दल इथे काहीच नाही."

"मग तसं लिहून द्या."

त्याने कारकुनाला बोलावून लिहायला सांगितलं: ‘सदर बंदी स्त्रियांस लागू नाही.’ वर शिक्का मारला.

गावाच्या वेशीवर धीब उतरला. तिथेच मातीत बसला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उठला नाही.

नमाज फिद्दाच्या नवऱ्याने आणि दुसऱ्या टोळ्यांच्या मोजक्या माणसांनी पढली. कबर मजुरांनी खणली होती. म्हाताऱ्याला जावयाने खाली उतरवलं. रस्मिया लांब उभी होती. फव्वाजचे भाऊ गच्चीवरून बघत होते, पण हलले नाहीत. सगळं आटपल्यावर त्यांची आई, उम्म फव्वाज, काठी टेकत रस्मियाजवळ आली.

"तुझा बाप भला माणूस होता गं."

"अल्ला तुमचं भलं करो, मावशी."

"पण तू शिक्का घेऊन आलीस. चौकीवर दाखवलास म्हणे. माझ्याकडे यायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं का? आता माझ्या पोराच्या रक्तावर हाकिमाचा कागद पडलाय. पोरं गप्प बसायची नाहीत."

पोरं खरंच गप्प बसली नाहीत. कागदाची नक्कल घेऊन ती हाकिमाकडे गेली. आज बायका येतील, उद्या घर उघडतील, परवा त्यांच्या मागून पुरुष येतील! शेख पुन्हा जमले. दिवसभर वाद झाला आणि शेवटी ठरलं: जुन्या प्रकरणांत भाऊबंद म्हणजे लेकीसुद्धा, लग्न झालेल्या असल्या तरी.

रस्मिया कचेरीत धावली. "साहेब, नियम पुढच्यांसाठी असतो, असं तुम्हीच धीबला म्हणाला होतात!"

"हा नियम नाही, ताई. जुन्याचा खुलासा आहे. खुलासा पहिल्यापासूनच लागू असतो." मग खालच्या आवाजात तो म्हणाला, "तुम्ही विचारलं नसतंत तर मला उत्तर द्यावं लागलं नसतं."

त्याच आठवड्यात फिद्दाला पोलिसांनी झर्काला आणून सोडलं. मुलं बापाच्या टोळीची, ती गावातच राहिली.

फिद्दा दारात उभी राहिली. हातात एकच पिशवी.

"मी म्हटलं होतं ना, विचारू नकोस म्हणून."

रस्मियाने पिशवी घ्यायला हात पुढे केला. फिद्दाने दिली नाही.

सुरुवातीला नवरा दर शुक्रवारी मुलांना घेऊन यायचा. मग महिन्यातून एकदा. हिवाळ्यात त्याने दुसरं लग्न केलं. धीब बातमी घेऊन आला तेव्हा फिद्दा कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही, मळतच राहिली. कणीक केव्हाच मऊ झाली होती. रस्मियाने तव्याखालचा गॅस बंद केला आणि तिच्याजवळ जमिनीवर बसली.