जड आवाजाचा गृहस्थ

माझं मधलं भोक चिमूटभर मोठं केलं की ताईंना भिंतीवरचं एक घड्याळ मिळणार होतं, फळीवर बोटभर जागा मिळणार होती, आणि ‘बघ, आता निदान वेळ तरी दाखवते’ असं धाकट्या भावाला सुनावण्याची संधीही मिळणार होती. फायदे तीन. तोटा फक्त माझा, आणि वस्तूचा तोटा कोण मोजतो? मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. काळी, बारा इंची, दोन्ही बाजूंना मिळून आठ गाणी. त्या सकाळी मी ताईंच्या ड्रिलपासून दोन हातांवर होते. तिथवर कशी पोचले, ते आधी ऐका.

माझी गाणी एका मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये जन्मली. दिवसभर गाड्यांखाली उताणी पडणारी चार माणसं काम संपलं की शटर अर्धं ओढून गिटार आणि ड्रम बाहेर काढत. गाणारी होती वेल्डिंग करणारी बाई. तिला सगळे ठिणगी म्हणत. ती वरच्या पट्टीत गेली की टेबलावरचे नट-बोल्टचे पाने थरथरत. कधी वाटे पत्रा फाटतोय, कधी वाटे कुणी अंगणातून आपल्यालाच हाक मारतंय.

गाणी छोटी आणि दणदणीत, म्हणून मला मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगासाठी कोरलं. माझ्या आकाराच्या तबकड्या सहसा तेहतीसवर फिरतात. तेव्हा लेबलवर वेग लिहायलाच हवा होता. पण लेबलवरचं चित्र काढलं ड्रमवाल्या मेकॅनिकने. त्याने मोटारीचा जॅक काढला, तोही एवढा ऐसपैस की आकड्याला जागाच उरली नाही.

‘‘अरे, आणि वेग?’’ ठिणगीने विचारलं.

‘‘लावल्यावर कळतंच की! इंजिन लंगडतंय हे काय पाटी लावून सांगावं लागतं?’’

बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. आवाज ऐकून बिघाड सांगणारी माणसं ती. सगळ्या जगाला असेच कान असतात, असा त्यांचा समज.

आम्ही दोनशे बहिणी. त्यातली एक वर्तमानपत्राच्या समीक्षकाकडे गेली. त्याने ती तेहतीसवर लावली आणि छापलं, ‘गायक सद्गृहस्थांचा आवाज जड व झोपाळू आहे. त्यांनी हा नाद सोडावा. त्यांचेही भले, शेजाऱ्यांचेही.’

गॅरेजमध्ये हशा पिकला. ‘‘बाईला सद्गृहस्थ म्हणतो! मेल्याने न ऐकताच लिहिलंय!’’ ठिणगीही हसली. त्याने ऐकलं होतं, पण संथ ऐकलं होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर गिटार निघाली, तेव्हा ठिणगी डबा उचलून घरी गेली. मग रोजच गेली. ‘सद्गृहस्थ’वर तिला हसता आलं होतं, ‘जड’ हा शब्द मात्र ती घरी घेऊन गेली. पुढे तिनेच आमचे खोके भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवले. बऱ्याच बहिणी तिथेच वितळल्या. आम्ही चाळीस जणी कानसेनच्या दुकानात पोचलो.

कानसेन हे लोकांनी त्याला दिलेलं नाव. पुढच्या खोलीत त्याचं तबकड्यांचं दुकान, मागच्या खोलीत थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईंचा, जुन्या तबकड्यांची घड्याळं करायचा कारखाना. प्रसिद्ध गाणी त्याला नकोच असत. कुणी न ऐकलेलं ऐकायची त्याला भूक. माझ्या डावीकडे पोस्टातल्या तिघांची तबकडी होती, उजवीकडे तळघरात आवाज अडवायला अंड्यांचे ट्रे भिंतीला ठोकून पाच नर्सनी केलेली. काय वाजायच्या त्या! कानसेन प्रत्येक नवी तबकडी उभा राहून ऐके. ‘‘पाहुणा दारात असताना कुणी बसतं का?’’ म्हणे. मग दोन ओळींची चिठ्ठी लिहून वेष्टनावर चिकटवी.

मला त्याने तेहतीसवर लावलं. दुसऱ्या गाण्याला तो खाली बसला. चिठ्ठी लिहिली, ‘जड आवाजाचा गृहस्थ. ज्यांच्या दुःखाला घाई नाही, त्यांच्यासाठी.’

त्या चिठ्ठीवर नऊ वर्षांत सात जणी खपल्या. बाकीच्यांची ताईंनी घड्याळं केली आणि भराभर खपवली. मी शेवटची.

तर, ती सकाळ. भोक मोठं करण्याआधी ताई तबकडीच्या कडेला सोनेरी रेघ काढत. त्यासाठी त्यांच्याकडे एक जुना, पेटीतला प्लेअर होता. तबकडी फिरत ठेवायची आणि ब्रश नुसता धरायचा. वेग पंचेचाळीसवरच ठेवलेला, कारण हळू फिरलं की रंग ओघळतो. ताईंनी ब्रश बुडवला, एक थेंब माझ्या कडेवर पडला, तो पुसायला वळताना त्यांचं कोपर सुईच्या दांड्याला लागलं आणि सुई माझ्यावर पडली.

मित्रांनो, मी स्वतःला खऱ्या वेगात कधी ऐकलंच नव्हतं. गॅरेजमध्ये वाजली ती माझी थोरली बहीण. माझ्या पोटातून त्या गृहस्थाऐवजी एक बाई उसळून बाहेर आली. भिंतीवरची चौदा घड्याळं तिच्यापुढे गप्प झाल्यासारखी वाटली. एवढी मोठी गोष्ट मी इतकी वर्षं वाहत होते आणि मलाच तिचा पत्ता नव्हता!

कानसेन धावत आला. ‘‘ताई, कोण गातंय हे?’’

‘‘मला काय विचारतोस? तुझाच तो गृहस्थ.’’

त्याने लेबल पाहिलं, वेगाची खुंटी पाहिली आणि कपाळावर हात मारला. ताई हातात ब्रश तसाच धरून उभ्या होत्या. रंग चपलेवर गळत होता. ‘‘अरे,’’ त्या हळूच म्हणाल्या, ‘‘हिच्या बत्तीस बहिणींना भोकं पाडली रे मी.’’

लेबलवरच्या जॅकचा माग काढत कानसेन मला आणि प्लेअरच्या पेटीला घेऊन गॅरेजं पालथी घालू लागला. चौथ्या गॅरेजात वेल्डिंगचा मुखवटा वर करून एक पिकल्या केसांची बाई म्हणाली, ‘‘मीच ती. काय काम आहे?’’

त्याने मला पंचेचाळीसवर लावलं. ठिणगी उभ्यानेच ऐकत राहिली.

‘‘ही मी?’’

‘‘तुम्हीच. त्या समीक्षकाने हळू वेगात ऐकलं. आणि बाई, नऊ वर्षं मीही तेच केलं. गृहस्थ म्हणून विकलं तुम्हाला.’’

ती खळखळून हसली. मग म्हणाली, ‘‘पुन्हा लावा.’’ या वेळी ती माझ्यासोबत गायला लागली. पहिल्या दोन ओळी आम्ही बरोबरीने गेलो. तिसरी ओळ वर चढते, तिथे तिला खोकला आला. मी एकटीच वर गेले.

‘‘तेवीस वर्षं धूर खाल्लाय या गळ्याने,’’ ती म्हणाली. ‘‘आता नाही जात तिथवर.’’

आता मी कानसेनच्या दुकानात काचेच्या कपाटात असते. मऊ फडक्याने मला पुसतात, आणि माझी गाणी दूरदूरची माणसं उतरवून नेतात. मित्रांनो, माझी एकच विनंती. कुणाला जड, मंद, झोपाळू ठरवण्याआधी एकदा वेगाची खुंटी फिरवून पाहा. तेवढ्याने कुणाचं काही जात नाही.

न पाहिल्याने किती गेलं, तो हिशेब माझ्याजवळ आहे. मेकॅनिकचं काही गेलं नाही. समीक्षकाला तर आजही पत्ता नाही. कानसेनची एक चिठ्ठी फाटली, ताईंचं एक घड्याळ बुडलं. बाकी सगळं ठिणगीने भरलं.