लाल रिंग आणि जुळ्या बहिणी

मित्रांनो, मी एक जुनी लाल रिंग आहे. कवायतीत कमरेभोवती फिरवतात ना, तीच. माझा जन्म प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या कारखान्यात झाला. माझी भावंडं सरळ राहिली आणि बागांना पाणी घालायला गेली. मला तेवढं वाकवून तोंडाला शेपूट जोडलं. तरुणपणी एका मुलीने मला इतका वेळ फिरवलं, की मी थांबले तेव्हा ती दोन मुलांची आई झाली होती. थाप वाटते? बरं, एकाच मुलाची.

पुढे माझा सांधा निखळला, चिकटपट्टी लागली आणि मैदानावर मला कोणी विचारेना. तेव्हा तिसरीच्या बाईंनी मला आणि एका पिवळ्या रिंगेला वर्गात नेलं. बाई गोष्टी शिकवत, त्याही जोडीने. आम्हा दोघींना फरशीवर थोडं एकमेकींवर चढवून ठेवत. माझ्यात फक्त पहिल्या गोष्टीतलं, पिवळीत फक्त दुसरीतलं, आणि मधल्या पाकळीत दोन्हींत सारखं असेल ते. मुलं वाक्यपट्ट्या आणून ठेवत. मला फार मोठेपणा वाटे.

एकदा एक गोष्ट खारीची होती, दुसरी साळुंकीची. खारीने दाणे पुरले आणि जागाच विसरली. साळुंकीने दाणे लपवले आणि साऱ्या रानाला जागा सांगून बसली. 'दोघी उपाशी राहिल्या' ही पट्टी मधल्या पाकळीत जायची.

वर्गात दोन जुळ्या बहिणी होत्या. एक जराशी आधी जन्मली, म्हणून ती थोरली. थोरलीने आपल्या पट्ट्या पटापट ठेवल्या. धाकटी मात्र उपाशी राहण्याची पट्टी धरून उभी.

"ठेव ना गं," बाई म्हणाल्या.

"पण बाई, खार स्वतःवर चिडली असेल, साळुंकी दुसऱ्यांवर. मग ते उपाशी राहणं सारखं कसं?"

घंटा व्हायला आली होती. बाईंनी प्रश्न कानाआड केला आणि गमतीने म्हणाल्या, "थोरली, तू लाल रिंगेत उभी राहा. धाकटी, तू पिवळीत. सांगा रे, यांच्यात सारखं काय, वेगळं काय?"

"वेण्या सारख्या."

"पडलेला दातपण सारखाच."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "थोरली भराभर वाचते, धाकटीची गाडी रुळावरच येत नाही."

वर्ग हसला. बाई हसल्या. थोरलीही हसली. ती माझ्या आत उभी होती ना, तिचं हसू मध्येच थांबलेलं मला तिच्या तळव्यांवरून कळलं.

दुसऱ्या दिवसापासून धाकटी मोठ्याने वाचेना. पुस्तक उघडायची आणि ओठ मिटून बसायची. काही दिवसांनी थोरलीही अडखळू लागली. एकेका अक्षरावर अशी रेंगाळायची, की ऐकणाऱ्याला जांभई यावी. बाईंनी तिला मधल्या सुट्टीत थांबवलं.

"काय गं, डोळे दुखतात का?"

"नाही."

"मग येणारं अडतं कसं?"

थोरलीने माझ्याकडे बोट केलं. "मलापण हळूच वाचायचंय. म्हणजे आम्ही दोघी मधे येऊ."

ती गेल्यावर बाईंनी डबा उघडला आणि तसाच मिटला. "एकीला गप्प केलं, दुसरीला खोटं वाचायला लावलं," असं त्या पुटपुटल्या. मग उठून त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. रिंगेला कुठलं आलंय तोंड? पण त्या दिवशी त्यांना वाटत होतं, की मी बघतेय.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला मांडलं आणि चपला काढून स्वतःच माझ्यात उभ्या राहिल्या.

"ही त्या दिवशीची बाई. पोरींना हसलेली." मग पिवळीत गेल्या. "आणि ही आजची, चूक कळलेली. सांगा, वेगळं काय?"

"आजच्या बाई हसत नाहीत."

"आणि सारखं?"

शेवटी धाकटी बसल्या जागेवरून म्हणाली, "दोघी सगळ्यांसमोरच बोलतात."

बाईंचा चेहरा उतरला. त्या रिंगेबाहेर आल्या. वर्गाला चित्रं काढायला बसवून धाकटीच्या शेजारी फरशीवर बसल्या आणि अगदी हळू काहीतरी बोलल्या. काय, ते मलाही ऐकू आलं नाही. आणि मित्रांनो, मी म्हणजे सगळा कानच की.

धाकटीने लगेच माफ केलं, असं सांगायला मला आवडलं असतं. थापच मारायची तर ती चांगली होती. पण ती एवढंच म्हणाली, "बाई, हिला नीट वाचायला सांगा. हिचं अडखळणं खोटं आहे. मला कळतं."

मग तिने बहिणीसमोर पुस्तक उघडलं. "अडखळणं असं असतं," म्हणाली, आणि खारीच्या गोष्टीची पहिली ओळ मोठ्याने वाचली. दोनदा अडली, एकदा मागे गेली, पण ओळ संपवली. थोरली अजिबात हसली नाही. बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या.

मित्रांनो, माझ्यात खारी ठेवा, साळुंक्या ठेवा, हवा तर हत्ती ठेवा. पण माणसाला उभं करायचं असेल, तर आधी त्याला विचारा. मी कोणालाही आत घेते. 'तू बाहेर हो बाळा' असं म्हणणं काही मला जमत नाही.